अपडेट झालं आणि ब्राउझर टिकेना: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

सोलापुरातल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं रोजचं काम. सीए मंडळींची ऑफिसं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारी युनिट, मार्केट यार्डातल्या कांद्याच्या पेढ्या, पतसंस्था. या सगळ्यांकडून वरचेवर येणारी एक तक्रार आहे: "काल अपडेट झालं आणि आजपासून क्रोम उघडतंय आणि लगेच जातंय." हा फोन कधीच निवांत वेळी येत नाही. दारात माल भरून गाडी उभी असते, राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, आणि ते ब्राउझरशिवाय निघत नाही.

एवढी वर्षं हाच बिघाड काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. बहुतेक वेळा अपडेटमध्ये खोट नसते. आधीपासून कॉम्प्युटरमध्ये काहीतरी जुनं किंवा दुखरं पडून असतं: ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोज आणि चिप यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम), मुदत संपलेला अँटिव्हायरस, कुणीतरी कधीकाळी टाकलेलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर), अर्धवट बिघडलेलं प्रोफाइल (ब्राउझरमधली तुमची सेटिंग्ज, बुकमार्क, पासवर्ड यांचा साठा). जुनी आवृत्ती ते चालवून घेत होती, नवी घेत नाही. म्हणूनच ब्राउझर काढून परत टाकला तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच होतं. अनइन्स्टॉल करताना प्रोफाइलचं फोल्डर सहसा जागेवरच राहतं, आणि ड्रायव्हर, अँटिव्हायरस यांना तर हातही लागत नाही.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे अपडेट कायमचं बंद करून टाकणं. तो करू नका. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं लॉगिन आणि पक्षकारांचे पॅन, आधार पडलेले असतात, तिथं ब्राउझर जुना ठेवणं धोक्याचं आहे. क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज यांची मोठी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते आणि त्यातली बरीचशी दुरुस्ती सुरक्षेच्या भोकांची असते.

हात लावण्याआधी दोन पथ्यं. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो कागदावर लिहायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला तेच झालं की परत शून्यापासून सुरुवात. दुसरं, सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क कुठं आहेत हे आधी विचारून घ्या. अकाउंट सांभाळणाऱ्या ताईंनी पोर्टलचे पासवर्ड फक्त ब्राउझरमध्येच ठेवलेले असतात, आणि हे बहुतेक वेळा सगळं पुसून झाल्यावर समजतं.

आधी लक्षण नीट ओळखा

"क्रॅश होतंय" या एका वाक्यात पाच वेगळे बिघाड बसतात. समोरच्याला विचारा: नक्की काय दिसलं, आणि त्या क्षणी काय करत होतात?

अख्खी खिडकीच गायब होते, कुठलाही मेसेज नाही, डेस्कटॉप समोर. अशा वेळी संशय प्रोफाइल, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरसवर.

खिडकी राहते पण टॅबमध्ये "ऑ, स्नॅप!" असं पान येतं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एरर कोड असतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. "आउट ऑफ मेमरी" असेल तर रॅम अपुरी पडतेय. "स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन" असेल तर कुणीतरी मेमरीतल्या नको त्या जागी हात घातलाय. तो ड्रायव्हर असू शकतो, एक्स्टेंशन असू शकतं, खराब रॅमही असू शकते. "स्टेटस इन्व्हॅलिड इमेज हॅश" दिसला तर आधी सुरक्षा सॉफ्टवेअरकडे बघा.

खिडकी उघडते पण नुसती पांढरी किंवा काळी, आणि सरकवली की मागे ठसे राहतात. हे जवळजवळ नेहमी ग्राफिक्सचं दुखणं असतं.

फक्त प्रिंट काढताना किंवा फाइल अपलोड करताना बंद पडतो. यात ब्राउझर निर्दोष असण्याची शक्यता बरीच असते.

कधीही, कुठंही पडतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर टॅली किंवा एक्सेलही मधूनच बंद होतं. मग ब्राउझर सोडा, मशीन तपासा.

काही तक्रारी क्रॅशच्या नावाखाली येतात, पण त्या क्रॅश नसतात. त्या आधीच वेगळ्या काढा, अर्धा दिवस वाचतो. डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावून सही होईना, पान नुसतं फिरत राहतं: जीएसटी पोर्टलवर सही करताना पान तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ईएमसाइनर या सही करून देणाऱ्या प्रोग्रॅमशी बोलत असतं. २०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १४२ पासून अशा स्थानिक जोडणीसाठी ब्राउझर परवानगी विचारतो. घाईत कुणी "ब्लॉक" दाबलं की सही बंद. ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून त्या साइटची परवानगी परत द्या. दुसरं, एखादं जुनं सरकारी पान एजच्या इंटरनेट एक्स्प्लोरर मोडमध्ये चालत होतं आणि अचानक चालेना. सेटिंग्जमधून हातानं टाकलेल्या पानाची ती नोंद ३० दिवसांत संपते, परत टाकावी लागते. दर महिन्याला "अपडेटनं बिघडवलं" अशी ओरड होते त्यातला मोठा वाटा याचाच. तिसरं, जुनं एक्स्टेंशन गायब झालंय: क्रोमनं मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन बंद केली आहेत. त्याला पर्यायी नवं एक्स्टेंशन शोधण्यावाचून इलाज नाही.

आता तपासणी. पैसे आणि मेहनत कमी लागते ते आधी.

रीस्टार्ट, शट डाउन नव्हे

हे सांगितलं की लोक नाराज होतात. "रोज संध्याकाळी बंद करतोच की!" पण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालू असते. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. ब्राउझरचं अपडेटही चालू खिडकीमागे उतरून बसलेलं असतं आणि ब्राउझर पूर्ण बंद होऊन उघडेपर्यंत ते पुरं होत नाही. कारखान्यांच्या ऑफिसात क्रोम आठ-आठ दिवस बंदच होत नाही. जुन्या-नव्याची अशी सरमिसळ झाली की टॅब पडायला लागतात.

रीस्टार्ट झाल्यावर ब्राउझरच्या मेनूत हेल्प, मग अबाउट उघडा. अपडेट पूर्ण झालं का आणि आवृत्तीचा आकडा काय, दोन्ही लिहून ठेवा. एखाद्या आवृत्तीत खरंच दोष असेल तर काही दिवसांतच दुरुस्तीची छोटी आवृत्ती येते, आणि याच पानावर ती आपोआप उतरते. त्याच पानावर ३२-बिट की ६४-बिट तेही दिसतं. विंडोज ६४-बिट असून क्रोम ३२-बिट असेल तर ६४-बिट टाका. ३२-बिट प्रोग्रॅमला मेमरीची मर्यादा फार लवकर आडवी येते.

सी ड्राइव्हवर जागा किती उरली

दोन मिनिटांचं काम, फुकट. स्वस्तातल्या १२० जीबीच्या एसएसडीवर विंडोज, टॅलीचा बॅकअप आणि व्हॉट्सॲपनं उतरवलेले पीडीएफ मिळून ड्राइव्ह लाल झालेला असतो. जागा नसेल तर अपडेट अर्धवट राहतं, ब्राउझरला कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली, लिहिता येत नाहीत, आणि रॅम कमी पडल्यावर विंडोज डिस्कवरची जी पेजफाइल वापरतं तीही वाढू शकत नाही. दहा-पंधरा जीबी मोकळी करा, मगच पुढं चला.

याच वेळी टास्क मॅनेजर उघडून रॅम बघा. ४ जीबी रॅम, त्यावर टॅली, अँटिव्हायरस आणि वीस टॅब: हे चालणार नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी सेव्हर आहे, तो चालू करा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कुठला टॅब किती खातोय ते दिसतं. पण ४ जीबीच्या मशीनला खरा इलाज रॅम वाढवणं हाच आहे, आणि या सगळ्या यादीत पैसे खर्च करून सर्वांत जास्त समाधान देणारा तोच खर्च आहे.

त्या दिवशी नक्की काय अपडेट झालं?

ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" एवढं इंग्रजीत टाइप केलं की विश्वासार्हतेचा इतिहास उघडतो. तारखेवार रकाने असतात. लाल फुली म्हणजे प्रोग्रॅम पडला, निळं चिन्ह म्हणजे काहीतरी बसवलं किंवा अपडेट झालं. पहिली लाल फुली कधी आली ते शोधा आणि तिच्या आदल्या दिवशीची निळी चिन्हं वाचा.

इथं बऱ्याचदा कळतं की ब्राउझरचं अपडेट आठवड्यापूर्वीच झालेलं होतं, आणि त्रास सुरू झाला तो विंडोजच्या अपडेटबरोबर आलेल्या डिस्प्ले ड्रायव्हरनं किंवा नव्या प्रिंटरनं. मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची दुरुस्ती सोडतं. आपल्याकडे ती बुधवारपासून उतरते, म्हणजे ९ ते १५ तारखेच्या दरम्यान. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची मासिक मुदत ११ तारखेची. दोन्ही एकमेकांवर येतात, म्हणून ऑफिसात अशी समजूत होते की नेमक्या रिटर्नच्या वेळीच ब्राउझर दगा देतो.

फुलीवर टिचकी मारून तपशील उघडला की "फॉल्टिंग मॉड्यूल" म्हणून एका फाइलचं नाव दिसतं. तेवढं नाव लिहून घ्या. ते आयजी या अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा इंटेलचं ग्राफिक्स, एनव्ही असेल तर एनव्हिडियाचं. अँटिव्हायरस किंवा प्रिंटरच्या कंपनीचं नाव दिसलं तर गुन्हेगार हातात आला. नुसतं एनटीडीएलएल (विंडोजचीच एक फाइल) किंवा क्रोमचीच फाइल असेल तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. क्रोम आपले क्रॅश बऱ्याचदा स्वतःच नोंदवतो, त्यामुळे इथं काहीच दिसलं नाही तर ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि क्रॅशेस टाइप करून त्याची यादी बघा.

दुसऱ्या ब्राउझरवर तेच काम

तेच पान, त्याच कॉम्प्युटरवर, एजमध्ये उघडा. मग फायरफॉक्समध्ये. हे का, ते समजून घ्या. क्रोम आणि एज दोघांचं इंजिन एकच आहे, क्रोमियम. फायरफॉक्सचं वेगळं, गेको.

फक्त क्रोम पडतो, एज चालतो: दोष क्रोमच्या प्रोफाइलमध्ये, एक्स्टेंशनमध्ये किंवा शॉर्टकटमध्ये. क्रोम आणि एज दोन्ही पडतात, फायरफॉक्स चालतो: ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस. तिन्ही पडतात: विंडोज, रॅम किंवा डिस्क. पाच मिनिटांच्या या चाचणीनं निम्मी यादी खोडली जाते, आणि ऑफिसचं काम तात्पुरतं चालू ठेवायला एक ब्राउझरही हाती लागतो.

एज एकटाच पडत असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत मायक्रोसॉफ्ट एज शोधून मॉडिफाय आणि मग रिपेअर करा. यात बुकमार्क जात नाहीत.

एक्स्टेंशन आणि शॉर्टकट

इन्कॉग्निटो खिडकी उघडून तेच काम करा. तिथं एक्स्टेंशन मुळातच बंद असतात, मुद्दाम परवानगी दिलेली सोडून. इन्कॉग्निटोत टिकलं तर सगळी एक्स्टेंशन बंद करून एकेक चालू करत जा. स्क्रीनशॉट काढणारी, पीडीएफ जोडणारी, कूपन शोधणारी, मराठी टायपिंगची. यातली निम्मी कुणी टाकली हेच कुणाला आठवत नसतं. ऑफिसच्या कामाला लागत नाही ते काढूनच टाका. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून उघडलं की ट्रबलशूट मोड येतो, काम तेच.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा. टार्गेटच्या रकान्यात क्रोमच्या फाइलनंतर दोन डॅश आणि काही इंग्रजी शब्द जोडलेले दिसतात का? ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोम ७८ नं बाहेरचा कोड रोखणारी एक नवी तटबंदी चालू केली आणि सिमेंटेकच्या एंडपॉइंट प्रोटेक्शनच्या जुन्या आवृत्त्यांशी तिचं जमलं नाही. जिथं ते होतं तिथं प्रत्येक टॅब पडायचा. अँटिव्हायरस अद्ययावत करणं हा खरा उपाय होता, पण घाईत अनेकांनी शॉर्टकटला तटबंदी बंद करणारे शब्द जोडले. जुना आयकॉन नव्या मशीनवर कॉपी करत गेल्यानं असे शब्द वर्षानुवर्षं राहतात. ते पुसा. "नो-सँडबॉक्स" असा शब्द असेल तर लगेच पुसा. सँडबॉक्स म्हणजे वेबसाइट आणि तुमचा कॉम्प्युटर यांच्यामधली भिंत. ती पाडून क्रॅश थांबला असं दाखवणारे व्हिडिओ पाहून ऑफिसच्या मशीनवर प्रयोग करू नका.

त्याच प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीचा भाग आहे. तिथं "विंडोज ७ साठी चालवा" अशी खूण असेल तर काढा. नव्या ब्राउझरला आपण जुन्या विंडोजवर आहोत असं खोटं सांगितलं की तो पडतो. मशीनवर खरोखरच विंडोज ७ किंवा ८.१ असेल, तर क्रोम १०९ ही तुमच्यासाठी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून विंडोज १० लागतं. तिथं इतर तपासण्यांत वेळ घालवू नका, मशीन बदलायचं बघा. विंडोज १० चा मोफत पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्या.

ग्राफिक्स

माझ्या अनुभवात अपडेटनंतर पडणाऱ्या ब्राउझरचं हे सर्वांत नेहमीचं कारण. ब्राउझर पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकतो. नवी आवृत्ती ते काम नव्या पद्धतीनं मागते, आणि पाच-सहा वर्षं न बदललेला ड्रायव्हर तिथं कोसळतो.

सेटिंग्ज, सिस्टिम, आणि तिथलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण बंद करा. रीलाँच. ब्राउझर तेवढाही वेळ टिकत नसेल तर शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक जागा सोडून इंग्रजीत दोन डॅश, डिसेबल, डॅश, जीपीयू लिहा, आत शिरा, बटण बंद करा, आणि शॉर्टकटमधलं लिहिलेलं पुसा.

क्रॅश थांबला म्हणजे रोग कळला, पण तो बरा झालेला नाही. आता सगळा भार प्रोसेसरवर जातो, व्हिडिओ मीटिंग किंवा ब्राउझरमधून सीसीटीव्ही बघताना मशीन जड होतं. म्हणून कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका, त्यांच्याबरोबर नको ते येतं. रिलायबिलिटीच्या इतिहासात नुकताच नवा डिस्प्ले ड्रायव्हर आलेला दिसला असेल तर उलट दिशेनं जा: डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. जुन्या पिढ्यांच्या इंटेल ग्राफिक्सला कंपनी आता नवे ड्रायव्हर देत नाही. तिथं बटण बंद ठेवूनच काम चालवा. बिलिंग आणि रिटर्नला त्यानं काही अडत नाही.

प्रिंट किंवा अपलोडलाच पडतो तेव्हा

प्रिंट प्रीव्ह्यू उघडताना ब्राउझर शेवटी वापरलेल्या किंवा विंडोजच्या डिफॉल्ट प्रिंटरला विचारणा करतो. तो प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि बंद असेल, किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडला असेल, तर ब्राउझर तिथंच अडकतो. विंडोजमध्ये डिफॉल्ट प्रिंटर म्हणून आणि जमलं तर ब्राउझरच्या प्रिंट खिडकीतही प्रिंट टू पीडीएफ निवडून बघा. टिकला तर प्रिंटरचा ड्रायव्हर काढून नवा टाका. अपलोडला अडकत असेल तर "धिस पीसी" मध्ये लाल फुलीचा नेटवर्क ड्राइव्ह आहे का बघा. सर्व्हर बदलला, जुनी जोडणी तशीच राहिली, आणि फाइल निवडायची खिडकी तिची वाट बघत बसते. ती जोडणी तोडा.

प्रोफाइल

कोपऱ्यातल्या गोल चिन्हावरून नवं प्रोफाइल तयार करा आणि त्यात काम करून बघा. तिथं टिकलं तर जुनं प्रोफाइल बिघडलंय. आपल्याकडे याचं मोठं कारण वीज. ब्राउझर चालू असताना लाईट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली, आणि लिहीत असलेली फाइल अर्धी राहिली. अपडेटनंतर नवी आवृत्ती त्या फाइली नव्या रचनेत बदलायला जाते आणि नेमकी तिथं ठेचकाळते.

बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये काढून घ्या. पासवर्डही फाइलमध्ये काढता येतात, पण ती फाइल साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं. नव्या प्रोफाइलमध्ये घेतल्याबरोबर ती पुसा, रिसायकल बिनमधूनही. जुनं प्रोफाइल उघडतच नसेल तर ॲपडेटामधल्या क्रोमच्या "यूझर डेटा" फोल्डरची कॉपी करा आणि मगच आतल्या "डिफॉल्ट" फोल्डरचं नाव बदला. डिलीट नको, नाव बदला. सेव्ह केलेले पासवर्ड त्या विंडोज लॉगिनच्या किल्लीनं बंद केलेले असतात. विंडोज फॉरमॅट झालं की फोल्डरची कॉपी असूनही ते उघडत नाहीत. म्हणून "फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्याला आधी थांबवा.

नव्या प्रोफाइलमध्येही तेच होत असेल तर विंडोजचा नवा यूझर तयार करून तिथं बघा. तिथं चाललं तर दोष जुन्या यूझरच्या खात्यात आहे.

अँटिव्हायरस, मग विंडोज

सुरक्षा सॉफ्टवेअर ब्राउझरच्या आत आपला तुकडा घुसवून बघत असतं. लायसन्सची मुदत संपली की त्याचं अपडेट थांबतं, ब्राउझर पुढं जात राहतो आणि तो जुना तुकडा नव्या ब्राउझरमध्ये अडकतो. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस असतील तर आणखी वाईट. मुदत संपलेला असेल तर नूतनीकरण करा, नाहीतर त्या कंपनीच्याच काढण्याच्या टूलनं पूर्ण काढा. मग विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा घेतो. "क्रॅश थांबतोय ना" म्हणून चालू अँटिव्हायरस बंद ठेवून काम करणं मला मान्य नाही, एका दिवसासाठीही नाही.

यानंतर विंडोजच्या फाइली. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून आधी डीआयएसएमची रिस्टोर-हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅन-नाऊ चालवतात. यूपीएस धड असेल तरच, कारण मध्ये लाईट गेलेली चालत नाही. या आज्ञा तुम्ही कधी चालवल्या नसतील तर ही पायरी जाणकारावर सोडा.

मशीन

शेवटी हार्डवेअर. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक आहे, संध्याकाळी लावून जा. कारखान्याच्या ऑफिसात मात्र त्याआधी कॅबिनेट उघडून बघा. लूमच्या खात्यातून येणारा कापसाचा तंतू पंख्यात आणि हीट सिंकमध्ये नमद्यासारखा बसतो. त्यात एप्रिल-मेमधलं सोलापूर, चाळिशीपार. दुपारी दोन ते पाच या वेळेतच क्रॅश होत असतील आणि सकाळी सगळं ठीक असेल तर अपडेटला दोष देण्याआधी ही सफाई करा. प्लग काढून, ब्लोअरनं, पंख्याची पाती बोटानं धरून. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरानं हलकी पुसून परत घट्ट बसवली की कितीतरी मशीन सुधारतात. हे आधी कधी केलं नसेल तर पहिल्यांदा कुणाचं तरी बघा.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

निळा स्क्रीन येत असेल, फाइली उघडताना डिस्क घरघरत असेल किंवा मेमरी चाचणीत चूक निघाली असेल तर पुढचा प्रत्येक प्रयोग डेटा धोक्यात घालतो. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि मशीन बंद करा.

ब्राउझरच्या मेनूत "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" लिहिलेलं दिसलं आणि तुमच्या कंपनीचा आयटी विभाग आहे, तर सेटिंग्ज त्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनाच कळवा. असा विभागच नाही आणि ही ओळ कुठून आली ते कुणाला सांगता येत नाही, तर ते संशयास्पद आहे. काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, पण खात्री जाणकारानंच करावी.

सर्वांत गंभीर प्रकार: "ते अपडेट" एखाद्या वेबसाइटवर आलेल्या "तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथं क्लिक करा" या बटणानं केलेलं होतं. खरा ब्राउझर असं कधीच सांगत नाही, तो आपल्या मेनूतूनच अपडेट होतो. तसं झालं असेल तर नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, त्या मशीनवर काहीही दुरुस्त करत बसू नका. दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. पैसे गेल्याचं दिसलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, आणि जाणकाराला बोलवा.

एकाच ऑफिसातले चार-पाच कॉम्प्युटर एकाच सकाळी पडायला लागले तरी एकट्यानं झुंजू नका. तिथं कारण सामायिक असतं, सर्व्हरवरून आलेला अँटिव्हायरस किंवा सगळ्या मशीनवर लादलेली सेटिंग्ज, आणि ते एका मशीनवर बसून सापडत नाही.

येणाऱ्याच्या हातात चार गोष्टी द्या: एरर कोडचा फोटो, ब्राउझरची आवृत्ती, फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव, आणि तुम्ही काय काय बदललं त्याचा कागद. त्याचा पहिला तास वाचतो, आणि तासाचे पैसे तुम्हीच देणार असता.

तोपर्यंत गाडी अडकून राहू नये यासाठी ई-वे बिल पोर्टलवर आपला मोबाइल नंबर एसएमएस सुविधेसाठी आधीच नोंदवून ठेवा. मग ब्राउझरशिवायही मेसेज पाठवून बिल काढता येतं. रिटर्नसाठी दुसरं मशीन वापरा. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मला ओटीपीनं म्हणजे ईव्हीसीनं भरता येतं, पण कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सिग्नेचर लागतेच. म्हणून त्यांनी टोकनचा ड्रायव्हर आणि ईएमसाइनर आणखी एका कॉम्प्युटरवर टाकून, सही होतेय का ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच करून बघावं.